टाका स्वस्त झाला, विसावा महागच राहिला

आपल्या खानदेशात एखाद्याचं पोट पुढे आलं की लोक 'पोट सुटलं' म्हणतात आणि हसून विषय संपवतात. सुटलं म्हणजे नेमकं काय सुटलं, हे कुणी विचारत नाही. खाणं वाढलं, चालणं कमी झालं, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. पण कित्येकदा आत खरोखरच काहीतरी सुटलेलं असतं. पोटावर बरगड्यांपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्या दोघांना मधोमध एक पांढरट, चिवट पट्टी जोडून ठेवते. गोधडीची मधली शिवण म्हणा. ही पट्टी ताणून रुंद झाली की दोन्ही स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. उताणं झोपून नुसती मान उचलली तरी पोटाच्या मध्यावर लांबट उंचवटा उभा राहतो. डॉक्टर याला 'डायस्टॅसिस रेक्टाय' म्हणतात. युरोपातल्या हर्निया तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत दोन स्नायूंमधलं अंतर दोन सेंटिमीटरहून जास्त असेल तर तो विकार मानला आहे.

हे सुटलेलं पोट सर्वांत जास्त बायकांच्या वाट्याला येतं. पोर्तुगालमध्ये पहिलटकरणींची पोटं मोजून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या ३५ व्या आठवड्यात त्यातल्या शंभर टक्के बायकांचे स्नायू विलग झालेले होते. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी ३९ टक्के बायकांमध्ये ते तसेच राहिले होते. म्हणजे बहुतेकींचं आपोआप जुळून येतं, पण बऱ्याच जणींचं येत नाही. पुरुषांमध्ये वाढलेलं वजन, वय आणि वर्षानुवर्षं उचललेले जड बोजे ही कारणं सांगितली जातात. अनेकांना त्याच्या जोडीला बेंबीचा हर्निया, म्हणजे आपल्या भाषेत अंतर्गळ असतो. दोन्ही एक नव्हेत. हर्नियात पोटाच्या भिंतीला भोक पडतं, इथे भिंत नुसती पातळ आणि रुंद होते. पण दोघं सख्खे शेजारी आहेत आणि दोघांची दुरुस्ती पुष्कळदा एकाच वेळी होते. पहिला उपाय व्यायामाचा; तो पुरला नाही तर शस्त्रक्रिया.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४९ व्या वर्षी माझ्यावर ती झाली. मी शिक्षक आहे. पोरवयापासून जोर-बैठकांची सवय, आणि सकाळी सायकलवर जामनेरहून पहूर गाठून परत यायचं हा कित्येक वर्षांचा नेम. अशा माणसाला ऑपरेशनची भीती कमी आणि नंतर पडून राहण्याची जास्त असते. त्या तीन महिन्यांत हाताशी वेळच वेळ होता. तेव्हा जे वाचलं, शोधलं, त्यातून हा लेख निघाला. मला एकाच प्रश्नाचा माग काढायचा होता. पोटाला टाका घातल्यावर माणसाने पडून राहायचं की उठायचं? आणि हे ठरवतं कोण? जखम, वैद्य, की खिसा?

मुंग्या आणि चाळीस दिवस

पोटाची भिंत का फुटते, याचं फार जुनं आणि फार अचूक उत्तर सुश्रुतसंहितेत सापडतं. आतडं खाली उतरण्याच्या विकाराची कारणं सांगताना तिथे ओझं उचलणं, आपल्यापेक्षा बलवान माणसाशी झुंजणं आणि झाडावरून पडणं, ही नावं येतात. ही यादी वाचताना मला हसू आलं. हमाल, पहिलवान आणि झाडावर चढणारा मजूर. आजही तालुक्याच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात हर्नियाच्या रांगेत हेच तिघे उभे दिसतील. म्हणजे हा आजार कष्टाचा आहे, हे आपल्या मुलखात निदान दोन हजार वर्षं तरी ठाऊक आहे. सुश्रुताने मात्र या प्रकारावर शस्त्र चालवायचं टाळलं. त्याच जातीच्या इतर वृद्धींवर उपचार चालू असताना घोडेस्वारी आणि व्यायाम वर्ज्य करायला सांगितलं.

तिथून हजारएक वर्षं पुढे आणि हजारो मैल पश्चिमेला, मुस्लिम स्पेनमध्ये कोर्डोबाजवळ अबुल कासिम अल जहरावी (सुमारे ९३६ ते १०१३) होऊन गेले. 'किताब अल तसरीफ' हा त्यांचा तीस भागांचा ग्रंथ. शेवटचा भाग संपूर्ण शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे दोनशे अवजारांची चित्रं आणि वर्णनं आहेत. बाराव्या शतकात टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचं लॅटिन भाषांतर केलं आणि पुढची काही शतकं युरोपातले शल्यविशारद त्यावरच शिकले. पोटाच्या जखमा कशा शिवाव्यात, आतडी बाहेर आली तर आत कशी घ्यावीत, टाके किती प्रकारचे, याचं तपशीलवार विवेचन त्यात आहे.

एक तपशील दोघांकडेही सापडतो. आतड्याला छेद गेला तर मोठ्या डोक्याच्या मुंग्या त्या जागी चावायला लावायच्या आणि चावा बसला की धड तोडून टाकायचं. मुंगीचा जबडा टाक्यासारखा राहतो. सुश्रुतात हे आहे आणि जहरावींकडेही आहे. आमच्यातल्या काहींना जगातलं सगळं विज्ञान अरबांनी दिलं असं म्हणायची हौस असते, तर काहींना सगळं आपल्याच पोथ्यांमधून चोरीला गेलं असं. दोन्ही गटांनी या मुंगीकडे एकदा नीट पाहावं. बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या काळात सुश्रुताचं अरबी भाषांतर झालं होतं. विद्या या हातातून त्या हातात जात होती. ज्याच्या हाती ती आली, त्याने तिच्यात आपली भर घातली आणि पुढे दिली.

मला जास्त गुंतवून ठेवलं ते जहरावींच्या पथ्याने. हर्नियावर डाग देऊन उपचार केल्यावर रोग्याने चाळीस दिवस उताणं पडून राहावं, कोठा साफ राहील असं खावं, असं ते सांगतात. त्यानंतर उठायचं, पण चांगला बांधलेला पट्टा लावून, आणखी चाळीस दिवस. या काळात दमछाक करायची नाही, पोट फुगेल इतकं खायचं-प्यायचं नाही आणि मोठ्याने ओरडायचं नाही. हजार वर्षांपूर्वीचा कागद आणि माझ्या हातात दवाखान्याने दिलेला कागद शेजारी ठेवले, तर पहिले चाळीस दिवस सोडून बाकी सगळं जुळत होतं. पट्टा आहे, बद्धकोष्ठ टाळायचं आहे, ओझं उचलायचं नाही, खोकताना जपायचं आहे. फरक एकच, पण तो मोठा आहे. जहरावींनी चाळीस दिवस झोपवलं असतं. माझ्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या संध्याकाळीच मला उभं केलं. हा फरक कुठून आला?

खाटेवरून उठवणारे

एकोणिसाव्या शतकात पोट उघडणं शक्य झालं ते दोन गोष्टींमुळे. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल यशस्वी झाली आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धत जाहीर केली. मग इटलीतल्या पाडुआ शहरात एडोआर्डो बास्सिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेच्या हर्नियाची आधुनिक दुरुस्ती घडवली. हे बास्सिनी स्वतः रुग्ण होऊन आलेले. १८६७ मध्ये रोमसाठी पोपच्या सैन्याशी लढताना त्यांच्या जांघेत संगीन घुसली होती आणि त्या जखमेने त्यांना महिनोन्‌महिने खाटेला खिळवलं होतं. पोटाच्या भिंतीचे थर एकेक करून ओळखायचे आणि ते पुन्हा भक्कम शिवायचे, ही त्यांची दृष्टी आजही पायाभूत मानली जाते.

टाका सुधारला, पण पथ्य जुनंच राहिलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे खाटेवर सक्त पडून राहणं ही सर्वसाधारण रीत होती. हललं की टाके तुटतील ही धास्ती. पडून राहिल्याने मात्र वेगळंच घडत होतं. पायांतल्या शिरांमध्ये रक्त गोठायचं, ती गुठळी फुफ्फुसात जाऊन माणूस अचानक दगावायचा. छातीत कफ साठून न्यूमोनिया व्हायचा. जखम भरत आलेली असताना रोगी जायचा आणि दोष नशिबाला दिला जायचा.

शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ मध्येच लिहिलं होतं की ऑपरेशननंतर रुग्णांना लवकर उठवलं तर ते अधिक चांगले बरे होतात. कुणी मनावर घेतलं नाही. टोरंटोचे एडवर्ड अर्ल शोल्डाइस यांना ही गोष्ट एका लहान मुलीने शिकवली. १९३२ मध्ये तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ती काही केल्या खाटेवर थांबेना, आणि तरी छान बरी झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात हर्नियामुळे असंख्य तरुण सैन्यभरतीत नापास होत होते. शोल्डाइस यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर चालतं केलं आणि १९४५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र रुग्णालय काढलं. डेट्रॉइटच्या डॅनियल लीथॉसर यांनी १९४६ मध्ये लवकर उठवण्याच्या पद्धतीवर आख्खं पुस्तक लिहिलं. १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर यांनी खाटेवर पडून राहण्याने शरीराचा एकेक अवयव कसा बिघडतो, यावर गाजलेला लेख लिहिला. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी कमी वेदना, लवकर खाणं आणि लवकर चालणं यांची एकत्र पद्धत बांधली. माझ्या डॉक्टरांनी मला त्या संध्याकाळी उभं केलं, त्यामागे एवढा सगळा इतिहास होता.

पण या बदलात युद्धाचा वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही. सैन्याला माणसं हवी होती आणि इस्पितळांना खाटा मोकळ्या हव्या होत्या. रोग्याचं हित आणि व्यवस्थेची गरज योगायोगाने एका दिशेला आली, म्हणून जुना नियम मोडला. दर वेळी त्या दोन्ही एका दिशेला असतीलच असं नाही.

दोंडाईचाची मच्छरदाणी

बास्सिनींच्या पद्धतीत एक अडचण होती. दूर गेलेले थर ओढून शिवले की ताण पडतो आणि ताणलेली शिवण कधी ना कधी उसवते. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकच्या धाग्याची जाळी वापरायला सुरुवात केली. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिख्टेन्स्टाइन यांनी जाळी लावून अजिबात ताण न देता दुरुस्ती करायची पद्धत रूढ केली. जाळीच्या छिद्रांमधून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि भिंत नव्याने उभी राहते. पद्धत उत्तम, पण जाळी महाग. परदेशी कंपन्यांच्या हातभर तुकड्याची किंमत शेतमजुराच्या महिन्याभराच्या कमाईच्या पुढे जायची.

इथे गोष्ट खानदेशात येते. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथले शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि ग्रामीण भागात काम करणारे त्यांचे काही सहकारी यांनी एक साधा प्रश्न विचारला. ही जाळी ज्या प्लास्टिकची असते, जवळपास त्याच प्लास्टिकची मच्छरदाणी बाजारात मिळते. मग ती का चालू नये? त्यांनी औषध न लावलेलं कोरं मच्छरदाणीचं कापड घेतलं, तुकडे कापले, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले आणि हर्नियाच्या दुरुस्तीत वापरले. 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी' या नियतकालिकात २००३ मध्ये या कामाचा अहवाल प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या केंद्रांवर दुरुस्त केलेल्या ३५९ हर्नियांची ती नोंद होती आणि अनुभव चांगला होता.

मोठ्या शहरांतल्या अनेकांना हा जुगाड वाटला असणार. पण पुढे जगातल्या संशोधकांनी ही कल्पना काटेकोर तपासली. पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना कंपनीची. कुणाला कोणती हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. निकाल २०१६ च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. वर्षभराने मच्छरदाणीच्या गटात एकाच माणसाचा हर्निया परत आला होता, कंपनीच्या गटात एकाचाही नाही. किरकोळ-मोठ्या तक्रारींचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं, ३० टक्क्यांच्या आसपास. कंपनीची जाळी शंभर डॉलरच्या वर, मच्छरदाणीची एका डॉलरच्या आसपास.

आपल्याच महाराष्ट्रात आणखी एक वाट निघाली. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीच नको म्हटलं. रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरून भिंत बळकट करायची त्यांची पद्धत २००१ मध्ये ४०० रुग्णांच्या अनुभवासह युरोपातल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि आज ती 'देसर्डा पद्धत' म्हणून जगात ओळखली जाते. ही दोन्ही कामं जांघेच्या हर्नियाची, माझ्या पोटाची नव्हेत. पण त्यांच्यामागचा विचार एक होता: गरीब माणसाचं पोटही तितकंच भक्कम शिवलं गेलं पाहिजे. त्यासाठी लागणारी अक्कल दोंडाईचासारख्या गावातही निघू शकते, हे आपण शाळेत मुलांना सांगत नाही, याची मला शिक्षक म्हणून खंत वाटते.

शिडीच्या पायऱ्या

आता माझ्या तीन महिन्यांविषयी थोडं, कारण व्यायामाची सवय असलेल्या वाचकांना त्याचा उपयोग होईल.

पहिला आठवडा उठण्या-बसण्याचं शास्त्र शिकण्यात गेला. सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर भार देऊन उठायचं. खोकला किंवा शिंक आली की पोटाशी उशी धरायची. चालायचं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत. कांग नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत येणं हा दहाव्या दिवशीचा पराक्रम होता. सहा आठवडे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही.

सवयीच्या माणसाला खरा धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतो. दुखणं गेलेलं असतं, अंगात रग असते, आणि आता सगळं ठीक आहे असं वाटायला लागतं. पण वेदना जाणं आणि जखम जुळणं यांचं वेळापत्रक वेगळं आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत जखमेच्या ताकदीचा हिशेब दिलेला असतो. कातडीच्या जखमेत पहिल्या आठवड्याअखेर मूळ ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा येतो, तीन आठवड्यांनी पाचवा, आणि तीन महिन्यांनी सुमारे ऐंशी टक्के. शंभर टक्के कधीच येत नाही. स्नायूंचं आवरण तर कातडीपेक्षाही सावकाश जुळतं. म्हणजे ज्या दिवशी माणसाला आपण बरे झालो असं वाटतं, त्या दिवशी आतली शिवण अजून कोवळीच असते. ती तोवर टाक्यांच्या धाग्यावर आणि जाळीवर उभी असते.

नमाजचा प्रश्नही होता. रुकू आणि सजद्यात पोटावर ताण येतो, म्हणून मी काही आठवडे खुर्चीवर बसून नमाज पढलो. मशिदीत एकदोघांनी थट्टेने विचारलं, "क्या मास्टर, अभी से बूढ़े हो गए?" मी त्यांना इमरान बिन हुसैन यांची हदीस सांगितली. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. पैगंबरांनी त्यांना उभं राहून नमाज पढायला सांगितलं. ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. बुखारीत ही नोंद आहे. मला त्यात सवलतीबरोबर एक शिडी दिसली. आजारात माणूस ती पायरी पायरीने उतरतो, आणि बरं होताना तशीच चढतो: कुशीवर, बसून, उभं राहून, आणि सगळ्यात शेवटी जमिनीवर कपाळ. एक पायरी गाळायची नाही. तीन महिन्यांनी सायकल पुन्हा पहूरला गेली, जोर त्यानंतर कितीतरी उशिरा सुरू झाले.

ज्यांना शिडीच मिळत नाही

माझ्या शेजारच्या खाटेवर एक हमाल होता. त्याचा हर्निया, माझं सुटलेलं पोट. दोघांना जवळजवळ सारखाच कागद मिळाला: सहा आठवडे ओझं नको. मला पगारी रजा होती. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "सर, पट्टा बांधून जातो आता. सहा आठवडे घरी बसलो तर चूल कोण पेटवील?" ऑपरेशनचा खर्च त्याला सरकारी योजनेतून पडला नव्हता. मजुरीचा खड्डा मात्र कुठल्याही योजनेत बसत नव्हता. बाराव्या-तेराव्या दिवशी तो मला बाजारात दिसला, पाठीवर पोतं होतं.

या विसाव्याच्या हक्काचाही इतिहास आहे आणि तो मुंबई इलाख्यात, म्हणजे तेव्हा आपलाही ज्यात समावेश होता त्या प्रांतात सुरू होतो. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक चर्चेला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची सोय झाली. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याची बारा आठवड्यांची रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची झाली. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर आणण्यासाठी हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. सुश्रुताने ओझं हे कारण सांगितलं होतं. ते ओझं अर्धं करायला इतकी शतकं गेली.

पण या कायद्यांचं छत्र नोकरीत नाव असलेल्यांवर आहे. शेतमजूर बाई त्याच्या बाहेर राहते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. मुस्लिम घरांत चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. पोटाला मऊ सुती लुगडं गुंडाळून बांधतात. जहरावींचे चाळीस दिवस, आजीचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे हे आकडे इतके जवळ यावेत याचं मला नवल वाटतं. त्यावरून पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. पण शरीर जुळायला दिवस लागतात, हे बायकांनी बायकांकडे पाहून ओळखलं होतं, एवढं नक्की.

अडचण अशी की सव्वा महिनाही घराच्या ऐपतीवर ठरतो. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत तान्हं बाळ बांधावर झोळीत ठेवून कमरेला ओटी बांधलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ओटी भरत जाते तसं ते ओझं नेमकं पोटावर येतं, त्याच न जुळलेल्या शिवणीवर. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात. ते मिळालेच तरी वेचणीच्या हंगामात किती दिवस पुरतात, याचा हिशेब कुणीही करून पाहावा. दोन-तीन बाळंतपणांनंतर तिचं पोट सुटतं, कंबर धरते, बेंबी वर येते, आणि शेजारपाजार म्हणतो की पोट सुटलं. कित्येक जणींना हा आजार आहे आणि त्यावर व्यायामाचा उपाय आहे, हेही कुणी सांगितलेलं नसतं. बाळंतपणानंतरच्या भेटीत आशाताईंनी किंवा नर्सने बाईला उताणं झोपवून, मान उचलायला सांगून पोटावर दोन बोटं ठेवून पाहिलं, तर अर्ध्या मिनिटात कळू शकतं. त्याला यंत्र लागत नाही की पैसा.

जहरावींचे चाळीस दिवस सक्तीचे होते. युद्धाने माणसाला खाटेवरून उठवलं आणि ते त्याच्या भल्याचं ठरलं. आज माझा हमाल मित्र बाराव्या दिवशी उठतो, तेव्हा ते लवकर उठण्याचं आधुनिक शास्त्र नसतं. चालणं आणि पोतं उचलणं यांतलं अंतर ठाऊक असूनही त्याला ते पाळता येत नाही. दोंडाईचाच्या जाळीने टाक्याची किंमत शंभर डॉलरवरून एका डॉलरवर आणून दाखवली. त्या जाळीत मांस भरून यायला लागणारे दिवस मात्र कोर्डोबात जितके लागत होते, जवळपास तितकेच जामनेरच्या हमालालाही लागतात. त्या दिवसांची मजुरी कोण भरणार, हा प्रश्न १९२८ मध्ये विचारला गेला होता. शेतात आणि बाजारात राबणाऱ्यांसाठी त्याचं उत्तर अजून यायचं आहे.